धिऱ्यांवरचं घर

तुम्ही माझं घर राखतो म्हणालात आणि राखायच्या नावाखाली ते अधांतरी करून ठेवलंत. हे तुमच्या तोंडावर बोललो असतो, पण परवा तुमच्या शिपायानं मला कचेरीच्या पायरीवरूनच परतवून लावलं. म्हणून लिहितो. कमिटीचे अध्यक्ष तुम्ही, हुकमावर सही तुमची. केशवराव चिटणीस तो हुकूम घेऊन येतात आणि खाली मान घालून वाचतात. त्यांच्यावर माझा राग नाही. तुमच्यावर आहे.

आज आठवा दिवस. आमच्या ओसरीचा मधला खांब काढून भुईवर आडवा ठेवलाय आणि त्याच्या जागी बाभळीचे दोन धिरे, म्हणजे नुसते टेकू, लावलेत. त्या दोन धिऱ्यांवर मधली तुळई, तुळईवर माळा, माळ्यावर कौलं. माझी बायको अंबू भाकरी थापताना एक डोळा तव्यावर ठेवते आणि एक वर. जेवताना घासाघासाला वर बघणं काय असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

आधीपासून सांगतो, कारण तुमच्या दप्तरात आधीचं काहीच नाही.

हे घर भोरात बांधलेलं नाही. ते भाटघरच्या वरच्या अंगाला, नदीकाठी, आमच्या गावात उभं होतं. धरणाची नवी भिंत उठली आणि गाव पाण्यात जाणार हे ठरलं, तेव्हा लोकांनी घरं मोडली आणि लाकूड मिळेल तिथं देऊन टाकलं. माझा बाप म्हणाला, "मोडायचं न्हाई. उकलायचं." आमच्या घरात लोखंडाचा एक खिळा नाही. खांबाच्या डोक्याला कुसू काढलेलं, म्हणजे चार बोटांचा चौकोनी शेंडा; ते कुसू तुळईच्या खाचेत बसायचं आणि आडवी खुंटी ठोकली की झालं. जे ठोकून बसवलंय ते ठोकून काढता येतं. गेनबा सुतार आमच्या गावचाच. त्यानं प्रत्येक लाकडावर पटाशीनं खुणा केल्या. पहिल्या खणाला एक रेघ, दुसऱ्याला दोन, डाव्या अंगाला उभी, उजव्याला तिरकी. सत्तावीस गाड्या लाकूड आम्ही बैलांच्या जिवावर भोरला आणलं आणि बाजाराच्या वाटेवर घर जसंच्या तसं उभं केलं. एक खुंटी इकडची तिकडे झाली नाही.

एकच गोष्ट बदलली, आणि ती आमच्याच हातानं.

दारावरच्या गणेशपट्टीवर जुना शक कोरलेला होता, १६९२. गेनबाच्या घराण्याची रीत अशी की घर दुसऱ्या जागी नेलं की पट्टीवरचा जुना शक तासायचा आणि नव्या जागेचा कोरायचा. जुना तसाच ठेवला तर घराची ओढ जुन्या जागेकडे राहते म्हणे. आमची जुनी जागा पाण्याखाली. तिकडे ओढ लागून कसं चालेल? बापानं मान डोलावली. पट्टी मी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. गेनबानं वाकसानं सोळाशे ब्याण्णव तासून काढला आणि अठराशे अठ्ठेचाळीस कोरला. भुसा अंबूनं चुलीत घातला. ती चूक होती हे आज कळतं, पण ती करताना आम्हाला पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

त्याला बारा वर्षं झाली. आता तुमची योजना.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड होतो. बाजाराची वाट मोटारींसाठी रुंद करायची ठरली तेव्हा भोरातली जुनी घरं समोरून कापली जाणार होती. तुम्ही कमिटी काढलीत. शंभर वर्षांपेक्षा जुनं घर यादीत घ्यायचं, यादीतल्या घराला रस्त्यानं हात लावायचा नाही, वर त्याला डागडुजीसाठी चुना आणि साग द्यायचा. कासार आळीतली दोन घरं त्यामुळे वाचली. एका म्हातारीच्या घराची भिंत तुम्ही गवंडी पाठवून सावरलीत. एवढ्याशा गावानं एवढं करावं, याचा मला अभिमान वाटला होता. मी चारचौघांत तुमचं नाव घेऊन बोललो होतो. आता लाज वाटते.

केशवराव पाहणीला आले ते हातात टाक आणि वही घेऊन. चांगला माणूस. पायताण काढून ओसरीवर चढले, खांबावरून हात फिरवला, तुळईखालच्या हस्तांवरची मोरांची नक्षी बघून "वा" म्हणाले. मग मान वर करून पट्टी वाचली.

"सावळाराम, हा शक तर अठराशे अठ्ठेचाळीस."

"घर तेव्हा हितं आणलं, रावसाहेब. घर त्याच्या आधीचं हाय."

"किती आधीचं?"

"दीडशे वर्सांच्या वर."

"कागद?"

"कागद पाण्यात गेला न्हाई, वाळवीत गेला."

केशवराव हसले, पण वहीत त्यांनी लिहिलं: नवे. ते अक्षर मी उलट्या बाजूनं वाचलं. नवे, म्हणजे यादीबाहेर. यादीबाहेर म्हणजे पुढचे दोन खण रस्त्यासाठी कापायचे. आमच्या घराचे पुढचे दोन खण कापले की मागच्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, हे गेनबानंच काय, कुठल्याही सुतारानं सांगितलं असतं. वहीतल्या त्या एका शब्दानं घर पडणार होतं.

मी तुमच्याकडे आलो. आठवतं? तुम्ही खुर्चीत, मी उभा. तुम्ही विचारलंत, "योजना वाचता येते का तुला?" मी म्हणालो, येते, सात वेळा वाचलीय. तुम्हाला ते आवडलं नाही. तुम्ही म्हणालात, "अरे, उद्या जो तो गाडीत घर घालून आणील आणि जुनं म्हणून मिरवील. पुरावा आण."

पुरावा गेनबाकडे होता. त्यालाही तो आठवला नव्हता, कारण त्याच्या मते तो पुरावा नव्हताच, सुतारांची आपसातली गोष्ट होती. माझ्या ओट्यावर बसून तो तंबाखू मळत म्हणाला, "सावळ्या, पट्टी घरधन्याची, पन कुसू सुताराचं. माज्या पणज्यानं मधल्या खांबाच्या कुसवावर आपली खूण आन् शक टाकलाय. म्या उकलताना बघितलाय."

"मग तो का न्हाई तासला?"

"कुसू तासलं तर खाचेत सैल हुईल की रं येड्या!"

"आन् हे आत्ता सांगतोस व्हय, तात्या?"

"कुनी इचारलं?" गेनबा म्हणाला आणि थुंकायला उठला.

पण कुसू खाचेत. ते बघायचं तर वर घर उभं असताना मधला खांब काढायला हवा. उकलताना कौलं उतरवलेली होती, माळा मोकळा होता. आता सगळा भार अंगावर. गेनबाची सत्तरी जवळ आलेली. तो दोन दिवस नुसता येऊन तुळईखाली उभा राहायचा आणि जायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "करू. पन बोलवून घे त्यास्नी. एकदाच हुईल."

केशवरावांनी बुधवारची सकाळ दिली. आम्ही माळा रिकामा केला. मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना धिरे लावले, बुडाशी दगडाच्या पाट्या, वर पाचरी. गल्लीतली माणसं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. शेजारची ठकुबाई म्हणाली, "अंबू, भायेर ये गं. मराचं असंल तर जेवून तरी मर."

अंबू बाहेर आली नाही. गेनबानं तिला काम दिलं होतं. मागच्या भिंतीला तळवा टेकवून उभं राहायचं. माती भुरभुरली किंवा भिंत थरथरली की हाक मारायची. भिंतीची नाडी बघायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि मला खांब धरायचा होता.

गेनबा एकेक पाचर मोगरीनं ठोकत गेला. डावीकडे एक ठोका, उजवीकडे एक. तुळई जरा वर गेली. दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. लाकूड कण्हतं तसा बारीक आवाज. मग खुंटी. ती बारा वर्षांत घट्ट बसलेली. पहिल्या ठोक्याला हलली नाही, दुसऱ्याला नाही. गेनबानं हात पुसले.

"अंबू?"

"न्हाई. गप हाय."

तिसऱ्या ठोक्याला खुंटी सुटली आणि त्याच वेळी डावा धिरा सरकला. बोटभर. तुळई खाली बसली, वरून तीन कौलं घसरून केशवरावांच्या पायाशी फुटली. ते मागे हटले नाहीत, हे मी खरं तेच लिहितो. अंबू ओरडली, "माती! माती पडतीया!" मी खांब सोडून पळालो असतो तर तुळई सरळ गेनबाच्या डोक्यावर होती. मी खांदा लावला. गेनबा शिव्या देत डाव्या धिऱ्याखाली पाचर ठोकत होता. धिऱ्याला, मला, स्वतःच्या पणज्याला, सगळ्यांना शिव्या. पाच-सहा ठोक्यांत तुळई थांबली.

"आता?" त्यानं विचारलं.

अंबूनं गाल भिंतीला लावला होता. "थांबली," ती म्हणाली.

खांब खालून तिरका करून आम्ही बाहेर काढला आणि ओसरीवर आडवा टेकवला. कुसवावर बारीक धूळ होती. केशवरावांनी स्वतःच्या उपरण्यानं ती पुसली. एका अंगाला सुताराची खूण, वाकस आणि खाली तीन रेघा. दुसऱ्या अंगाला १६९२. अंक जसे काल कोरलेले. ना ऊन लागलेलं ना हात.

केशवरावांनी दोनदा वाचलं. त्यांचा आवाज बदलला. "सावळाराम, अरे, आपल्या यादीतल्या निम्म्या घरांपेक्षा हे जुनं!" ते आनंदानं बोलत होते. ठकुबाईनं तिकडून विचारलं, "मग वाचलं का घर?" ते म्हणाले, "वाचलं, बाई, वाचलं." आमच्या गल्लीनं हे ऐकलंय. चाळीस माणसांनी.

आणि मग त्या भल्या माणसानं एक चूक केली. पुराव्याला कुणी हात लावू नये, मागाहून कोरला असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी कुसवावर लाख ओतली आणि कमिटीची मोहोर दाबली. "अध्यक्षांनी बघेपर्यंत राहू दे. दोन दिवसांत येतील." गेनबा म्हणाला, "रावसाहेब, मोहोर लावलेलं कुसू खाचेत जाणार न्हाई. लाख मोडंल." केशवराव म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे. माझंही मन आनंदानं भरलं होतं. मी म्हणालो, राहू दे.

तुम्ही दोन दिवसांत आला नाहीत. चौथ्या दिवशी तुमचा हुकूम आला.

तो मला पाठ आहे. "सदरहू घर शके १८४८ मध्ये सांप्रतच्या जागी उभारलेले असल्याने नवे समजण्यात येत आहे. मात्र त्यातील मोहोरबंद खांब पुराव्याने प्राचीन ठरला आहे. योजनेच्या नवव्या कलमान्वये यादीबाहेरील घरांतील प्राचीन लाकूड यादीतील घरांच्या दुरुस्तीस घेता येते. सबब खांब कमिटीच्या ताब्यात द्यावा. मोहोर तोडल्यास घर जप्त होईल."

नववं कलम मी सात वेळा वाचलं होतं. त्यात माझा खांब असेल असं मला सातही वेळा वाटलं नाही.

खांब कुठं जाणार हे गल्लीला तासाभरात कळलं. चौकातल्या वकिलांच्या घरात. त्यांचं घर तुमच्या यादीत पहिलं, आणि त्यांचा दर्शनी खांब वाळवीनं आतून पोकळ केलाय. तुम्ही तिथं पाहुण्यांना घेऊन जाता.

त्याच दुपारी केशवराव दोन हमाल आणि गाडी घेऊन आले. अंबूनं काही विचारलं नाही. ती आली आणि आडव्या खांबावर मांडी घालून बसली.

"वहिनी, उठा," केशवराव म्हणाले.

"का उठू?"

"हुकूम आहे."

"हुकूम खांबाला हाय. मला कुटं हाय?"

हमाल एकमेकांकडे बघायला लागले. ठकुबाई तिच्या ओट्यावरून ओरडली, "रावसाहेब, तिलाबी घाला यादीत! तीबी जुनी हाय!"

"तुज्यापरीस ल्हान हाय मी, ठके," अंबू म्हणाली, आणि लोक हसले. ती हसली नाही. तिनं केशवरावांकडे बघून विचारलं, "तुमी म्हनलात वाचलं. चारचौघांत म्हनलात. म्या कानानं ऐकलं. मग आमच्या तोंडावर खोटं का बोललात?"

केशवरावांनी हुकमाची घडी घातली. शेवटी म्हणाले, "मला वर विचारावं लागेल." गाडी रिकामी परत गेली. त्या दिवसापासून केशवराव आलेले नाहीत. ते आजारी आहेत असं तुमचा शिपाई सांगतो.

आता आजची गोष्ट, कारण मला घाई आहे. गेनबानं धिऱ्यांवर कोळशानं रेघ मारली होती. डावा धिरा आज सकाळी त्या रेघेपासून दोन बोटं खाली गेलाय. आमची ओसरी भरावाच्या मातीवर आहे, दगडाची पाटी खचतेय. काल दुपारी वावटळ आली तेव्हा माळा हलला आणि अंबूचं पीठ मातीनं काळं झालं. आम्ही पाचरी मारल्या, आणखी मारू. पण पाचरीनं घर उभं राहत नाही, फक्त पडायला वेळ लावतं. गेनबा म्हणतो, उद्याची दुपार निघेल, परवाची सांगता येत नाही.

तो माझ्या ओट्यावर मोगरी घेऊन बसलाय. तुमच्या यादीतल्या घरांचं सुतारकाम गेली दोन वर्षं त्याच्याचकडे आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मोहोर मोडली तर ते काम गेलं, हे त्याला माहीत आहे. मी त्याला म्हणालो, "तात्या, तू घरी जा. म्या मोडतो." तो म्हणाला, "कुसू खाचेत बसवायला तुला येतंय व्हय? गप बस."

तेव्हा ऐका. उद्या दुपारी बारा वाजता आम्ही खांब उभा करणार. लाख मोडणार. लपून नाही, गल्लीला बोलावून. ज्या चाळीस माणसांनी "वाचलं" हे ऐकलं त्यांच्यासमोर. नंतर जप्ती आणायची तर आणा. जप्त करायला निदान घर उभं असेल. बाराच्या आत तुमचं उत्तर आलं तर लाखेला हात लावणार नाही, तुम्ही स्वतःच्या हातानं मोहोर काढा आणि मी तुमच्या पाया पडेन, यात मला कमीपणा नाही. पण उत्तर कागदावर हवं, तुमच्या सहीचं. शिपायाच्या तोंडचं नको.

उत्तर एवढ्याच प्रश्नाचं द्या. माझा खांब वकिलांच्या घरात लावला तर ते घर जुनं राहतं, आणि तोच खांब स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाचेत उभा राहिला तर माझं घर नवं होतं. हे कसं, ते लिहून कळवा.